अब्दुल रहमान यांनी विकलेला सब्जा

मुंबईच्या मुसलमान व्यापाऱ्यांचा विषय निघाला की आम्ही कापूस, अफू आणि जहाजे यांच्याविषयी बोलतो. घोड्यांचे सौदागर राहून जातात. एकोणिसाव्या शतकात मात्र अरबी घोडा घ्यायचा तर हिंदुस्थानात मुंबई गाठावी लागे. भेंडीबाजार आणि भायखळ्याकडे अरबांचे तबेले होते. बसरा, कुवेतहून घोडे समुद्रमार्गे येत. १८७९ साली नज्दमधील हाइलला गेलेल्या लेडी अ‍ॅन ब्लंट यांना तिथल्या अमीराचे घोडेही कुवेतमार्गे मुंबईलाच जाताना आढळले. येत ते बहुतेक नरच. बदू घराण्याची गणना घोडीवरून करतो, त्यामुळे घोडी विकणे त्याच्या जिवावर येई.

अशा सौदागरांपैकी एक अब्दुल रहमान. त्यांच्याकडून १८७७ साली फ्रेडरिक रॉबर्ट्स या इंग्रज सेनाधिकाऱ्याने एक सब्जा घोडा विकत घेतला. उर्दूत घोड्याच्या बाबतीत सब्जा म्हणजे हिरवा नव्हे, करडा. गंमत अशी की हा रंग टिकत नाही. शिंगरू जन्मते काळे किंवा तांबडे. पुढे वर्षागणिक पांढरे केस वाढत जातात आणि म्हातारपणी जनावर पांढरे दिसू लागते. केसांखालची कातडी तेवढी काळीच राहते. तेव्हा सब्जा घेणाऱ्याने रंगावर भाळून पैसे मोजण्यात अर्थ नसतो. पाय, खूर, छाती आणि दम पाहायचा. अरबी घोडा खांद्यापाशी पाच फुटांहूनही ठेंगणाच असतो, पण रॉबर्ट्सही बुटके होते, जोडी शोभली!

लुशाई डोंगरांतल्या, म्हणजे आजच्या मिझोरामच्या, एका सरदाराच्या नावावरून त्यांनी घोड्याचे नाव व्होनोलेल ठेवले. ऑगस्ट १८८० मध्ये रॉबर्ट्स सुमारे दहा हजार फौज घेऊन काबूलहून कंदाहारला निघाले. तीनशेहून अधिक मैलांचा रस्ता तीन आठवड्यांत संपला. या मोहिमेत व्होनोलेल होता. पुढे राणी व्हिक्टोरियाच्या परवानगीने त्याच्या गळ्यात अफगाण युद्धाचे पदक आणि कंदाहारचा तारा आला. जनावराला असा मान क्वचितच मिळतो.

मुंबईच्या मुसलमान सौदागराने विकलेला घोडा अफगाणांवरच्या स्वारीत गेला, हे काही वाचकांना रुचणार नाही. आम्हालाही ते वाचताना थोडे खटकले. पण त्या फौजेत मुसलमान शिपाई होतेच, आणि सौदागर गिऱ्हाइकाला पुढची मोहीम विचारत नसतो. अब्दुल रहमान यांना दोष देणे आम्हाला तरी न्यायाचे वाटत नाही. उलट त्यांच्या पारखीची नोंद घ्यावी. खरेदीनंतर बावीस वर्षे हा घोडा मालकाजवळ राहिला. असा माल ठेवणाऱ्याला जनावर कळत होते, एवढे तरी मान्य करावे लागेल. तरी घोड्याच्या चरित्रात त्यांचे नाव येते ते विक्रीपुरतेच.

१८९७ साली लंडनला राणीच्या हीरक महोत्सवाची मिरवणूक निघाली, तेव्हा रॉबर्ट्स याच घोड्यावर होते. १८९९ साली व्होनोलेल मेला. डब्लिनच्या किलमेनहॅम येथील रॉयल हॉस्पिटलच्या बागेत त्याला पुरले आहे, आणि कबरीवर त्याच्या नावाचा दगड आहे.