सुवाह्य उभ्या अँटेनाचा विकास : भूमीच्या कार्याचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

हौशी रेडिओकेंद्र डोंगरमाथ्यावर, समुद्रकाठी अथवा आपद्ग्रस्त भागात तात्पुरते उभारावयाचे झाल्यास उभा अँटेना सोयीचा ठरतो. त्यास एकच आधार पुरतो, जागा थोडी लागते आणि त्याचे प्रारण क्षितिजाच्या सर्व दिशांना सारखे होते. डिसेंबर २००४ मधील त्सुनामीनंतर पोर्ट ब्लेअर येथील हौशी रेडिओचालकांनी बाह्य जगाशी संपर्क राखला, तेव्हा तात्पुरत्या केंद्रांचे महत्त्व भारतातही प्रत्ययास आले. मात्र उभ्या अँटेनाची कार्यक्षमता त्याच्या दंडाइतकीच त्याखालील भूमीवर अवलंबून असते, असे त्याच्या इतिहासावरून दिसून येते.

प्रारंभीचे प्रयोग

हाइन्रिख हर्ट्झचा द्विध्रुव दोन समान भुजांचा होता. गुल्येल्मो मार्कोनीने १८९५ मध्ये इटलीतील पोंतेक्यो येथे एक टोक उंच नेले व दुसरे जमिनीशी जोडले. भूमी हाच अँटेनाचा दुसरा अर्धा भाग झाला आणि संदेशाचा पल्ला सुमारे दोन किलोमीटरपर्यंत पोहोचला. १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमधील सिग्नल हिल येथे त्याने पतंगाच्या साहाय्याने सुमारे १५० मीटर लांबीची तार आकाशात चढविली. इंग्लंडमधील पोल्डू येथून पाठविलेले संकेत तेथे ऐकू आल्याचा त्याचा दावा वादग्रस्त असला, तरी तात्पुरत्या उभ्या अँटेनाचे ते ठळक आरंभीचे उदाहरण होय.

भूमीचे मापन

१९३७ मध्ये ब्राउन, लुईस व एपस्टाइन यांनी अमेरिकेत जमिनीत पुरलेल्या अरीय तारांची संख्या २ पासून ११३ पर्यंत बदलून मापने प्रसिद्ध केली. तारा थोड्या असल्यास बरीच शक्ती मातीतच उष्णतारूपाने वाया जाते, हे त्यांतून सिद्ध झाले. पुढे ब्राउन यांनीच उंचावर बसविलेल्या दंडाच्या पायथ्याशी मोजक्या आडव्या भुजा लावून ‘ग्राउंड प्लेन’ अँटेना विकसित केला. कृत्रिम भूमी सोबत नेता येते, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

आखूड दंडाची किंमत

सात मेगाहर्ट्झ कंप्रतेस पाव तरंगलांबीचा दंड सुमारे १० मीटर उंच असावा लागतो. पाठपिशवीत मावावा म्हणून तो अडीच मीटरचा केला व पायथ्याशी वेटोळे जोडून मेळ साधला, तर त्याचा प्रारणरोध ३६ ओहमवरून सुमारे दीड ओहमपर्यंत उतरतो. भूमीतील ऱ्हासरोध १० ओहम धरल्यास पूर्ण दंडाची कार्यक्षमता सुमारे ७८ टक्के, तर आखूड दंडाची अवघी १३ टक्के येते. वेटोळ्यातील ऱ्हास यात धरलेला नाही.

समारोप

सारांश, अँटेना आखूड करताना जे गमवावे लागते, त्याचा काही अंश अरीय तारांनी परत मिळविता येतो. बॅटरीवर चालणाऱ्या अल्पशक्ती प्रेषकाच्या बाबतीत हा फरक संदेश पोहोचणे वा न पोहोचणे ठरवू शकतो. म्हणूनच सुवाह्य संचातील तारांचे भेंडोळे दंडाइतकेच आवश्यक मानले पाहिजे.