यात्रेकरू फॅनीबाई आणि बायजाबाई

१८५० साली लंडनमध्ये दोन जाडजूड खंडांचं एक प्रवासवर्णन निघालं. लेखिकेचं नाव त्यावर फारसी लिपीत होतं. पुस्तक उघडलं की सुरुवातीलाच गणपतीचं चित्र आणि त्याला सलाम. नाव 'वाँडरिंग्ज ऑफ अ पिलग्रिम इन सर्च ऑफ द पिक्चरेस्क', म्हणजे नयनरम्य देखाव्यांच्या शोधात निघालेल्या एका यात्रेकरूची भटकंती. ही यात्रेकरू म्हणजे फॅनी पार्क्स. जन्म १७९४, वेल्समधला. नवरा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत. १८२२ साली दोघं कलकत्त्याला उतरली आणि काही वर्षांनी त्याची बदली अलाहाबादला झाली, जकात खात्यात. मग फॅनीबाई रमली ती तिथेच. उर्दू शिकली, सतार शिकली. आणि इतर मॅडम मंडळी पंख्याखाली बसून विलायतेच्या टपालाची वाट बघत असताना ही घोड्यावर नाहीतर नावेत!

एक गोष्ट मला फार आवडते. घर यमुनेकाठी, त्यामुळे माघ मेळा अगदी हाकेच्या अंतरावर. किल्ल्याखालच्या वाळवंटात दरवर्षी थंडीत एक अख्खं गाव उभं राहायचं. लोक त्याला बडा मेला म्हणत, ती आपल्या कानाने ऐकून 'बुरा मेला' लिहिते. उंच बांबूंवर पंड्यांचे झेंडे, वर्षानुवर्षं वर धरून वाळलेला हात घेऊन बसलेले साधू, नाणी मोजत बसलेले न्हावी, मूर्तींची, माळांची, गंगाजळाच्या भांड्यांची दुकानं. तिला मूर्ती जमवण्याचा नाद होता, म्हणजे तिच्या दृष्टीने ही खरेदीचीही जागा. कानपूरला असताना दिवाळीच्या रात्री घाटावर गेली तर पायऱ्यापायऱ्यांवर पणत्या आणि पाण्यावर सोडलेले दिवे बघून हरखूनच गेली. सण म्हटला की ही निघालीच.

पण त्या वाळवंटावर पाय ठेवायला इतरांना पैसे पडत, हे विसरून चालणार नाही. कंपनी सरकारचा यात्रेकर होता. पायी येणाऱ्याला एक रुपया, घोड्यावरून आलात तर दोन, हत्तीवरून आलात तर वीस. एक रुपया म्हणजे मजुराची कित्येक दिवसांची कमाई. हा कर १८४० साली रद्द झाला. त्याआधी खेड्यापाड्यांतून चालत आलेली बाई आधी रुपया मोजायची, मग त्रिवेणीत बुडी मारायची. दक्षिणेतून आलेल्या बायका इथे वेणीदान करतात, आपल्याकडच्याही. नवऱ्याच्या हाताने वेणीचं टोक कापून घ्यायचं आणि संगमात सोडायचं. माझ्या पणजीने केलं होतं म्हणे. पणजी तिथवर पोचली कशी, कुणाबरोबर, किती दिवसांनी, हे घरात कुणालाच ठाऊक नाही. ठाऊक काय, तर वेणीदान केलं. असो.

डिसेंबर १८३४ मध्ये फॅनीबाईने खरा बेत तडीस नेला. 'सीगल' नावाची आपली शिडाची नाव घेऊन ती यमुनेतून उलट्या प्रवाहाने ताजमहाल बघायला आग्र्याला निघाली. नवरा घरी. सुमारे सात आठवडे लागले. वाळूत रुतणं, उलटा वारा, दोर लावून ओढणं, सगळं झालं. हा तिचा 'एकटीचा' प्रवास. आता एकटी म्हणजे काय, तर बरोबर खलाशी, खानसामा, नोकरचाकर. अलाहाबादच्या घरात पन्नासच्या वर नोकर होते, त्यामानाने नावेवर तशी एकटीच म्हणायची :) नोकर माणसांत धरायचे नाहीत, हा हिशेब त्या काळी सगळ्याच मॅडमांचा.

तरी तिच्या बिरादरीत यावर कुजबुज व्हायचीच. गव्हर्नर जनरलची बहीण एमिली ईडन, जिची पत्रं पुढे गाजली, तिने फॅनीबाईवर एक चिमटा काढून ठेवलाय. यांचा नवरा म्हणे दर थंडीत वेडा होतो, म्हणून त्याला सोडून हिंडणं हे या आपलं कर्तव्य समजतात. वाचून हसू येतं, पण बघा ना, बाई एकटी हिंडते म्हटल्यावर कारण नवऱ्यातच शोधायचं! माघ मेळ्याला मी एकटी निघाले तेव्हा मावशीने फोनवर पहिला प्रश्न काय विचारला? कुठे उतरणार, किती दिवस, थंडी किती, यातला एकही नाही. "बरोबर कोण आहे?" (मावशी, तू हे वाचणार आहेस, मला माहीत आहे.) तंबूत शेजारी उतरलेल्या खेड्यातल्या बायकांनीही तेच विचारलं, पण त्यांच्या बोलण्यात काळजीपेक्षा कुतूहल जास्त होतं. त्यांतली एक म्हातारी तर सांगत होती, घरचे नको म्हणत होते, पण गंगामाईला जायला अडवतं कोण! हा परवाना फार जुना आहे. तीर्थ म्हटलं की उंबरठा ओलांडता येतो.

आपल्या इतिहासात याचं मोठं उदाहरण राधाबाईंचं. थोरल्या बाजीरावांची ही आई १७३५ साली काशीयात्रेला निघाली. मराठ्यांचं नाव काढलं की उत्तरेत दारं लागायची ते दिवस, आणि पेशव्यांची विधवा आई त्या मुलखातून चाललीय. उदयपूर, जयपूर, सगळीकडे मानपान. महंमदखान बंगश म्हणजे मराठ्यांशी लढलेला सरदार, त्यानेही आदरातिथ्य केलं. यात्रा ती यात्राच, पण त्या निमित्ताने कोण मित्र, कोण शत्रू, कोण काठावर, याचाही अंदाज पुण्याला आला असणार. राधाबाईंनी स्वतः काय पाहिलं, काय वाटलं, हे मात्र कळायला मार्ग नाही. त्यांनी फारसीत नाव घालून पुस्तक काढलं नाही ना!

बरोबर शंभर वर्षांनी, एप्रिल १८३५ मध्ये, आग्रा बघून परतताना फॅनीबाई फतेहगढला पोचली आणि तिथे तिला भेटल्या बायजाबाई शिंदे.

बायजाबाई कागलच्या सर्जेराव घाटग्यांच्या कन्या, दौलतराव शिंद्यांच्या पत्नी. १८२७ मध्ये दौलतराव वारल्यावर त्यांनी जनकोजीला दत्तक घेतला आणि ग्वाल्हेरचा कारभार स्वतः पाहिला. पोरगा मोठा झाला, त्याला गादी हवी झाली, आणि १८३३ मध्ये बायजाबाईंना ग्वाल्हेर सोडावं लागलं. कंपनीने मध्ये पडायचं नाकारलं. तेव्हापासून छावणी घेऊन त्या या गावाहून त्या गावाला. फॅनीबाईने त्यांचं पहिलं दर्शन लिहून ठेवलंय. केस पिकलेले, विधवेचा साधा पोशाख, हातात सोन्याच्या साध्या बांगड्या सोडल्या तर दागिना नाही, शेजारी नात गजराजा. गादीवर पायांशी शिंद्यांची तलवार. राज्य गेलं, पण तलवार बाईंनी बरोबर आणली होती.

दोघींची गट्टी जमली. विषय निघाला घोड्यांचा. इंग्रज बायका दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसतात, हे मराठा बायकांना काही केल्या पटेना. अशाने बाई घोड्यावर राहते कशी? त्या काष्टा घालून टांग टाकणाऱ्या, गजराजा तर पट्टीची स्वार. मग फॅनीबाईने मराठा पोशाख चढवला, मराठी घोड्यावर तशीच बसली, आणि तिला ते इतकं आवडलं की बायकांची बसायची पद्धत बदलल्याबद्दल तिने थेट एलिझाबेथ राणीच्या अकलेचा उद्धार केलाय! नऊवारीचं एवढं कौतुक दुसऱ्या कुठल्या मॅडमने केलेलं माझ्या वाचनात नाही.

मग बोलणं वळलं विधवांवर. हिंदू विधवेचे हाल बायजाबाईंनी सांगितले. फॅनीबाई म्हणाली, आमच्याकडे नवरा जिवंत असतानाच बाईचं काही उरत नाही, लग्न झालं की तिचं सगळं त्याचं. आणि ते खरं होतं. त्या काळच्या इंग्रजी कायद्यानुसार फॅनीबाईच्या या पुस्तकाचे पैसेही नवऱ्याचेच. विवाहित स्त्रीच्या कमाईबद्दलचा पहिला कायदा आला १८७० मध्ये, पुरता हक्क देणारा १८८२ मध्ये. फॅनीबाई गेली १८७५ ला. बाईचं नशीब आणि खरबुजाचं नशीब एकच, सुरी कुणाच्याही बाजूने पडो, कापलं जातं खरबूजच, अशा अर्थाची म्हण ती इथे नोंदवते. त्या दुपारी त्या छावणीत दोघीही तेवढ्यापुरत्या खरबूजच होत्या.

तेवढ्यापुरत्याच, हं. कारण संध्याकाळी फॅनीबाई उठून आपल्या मुक्कामी गेली, आणि बायजाबाई कंपनीच्या परवानगीशिवाय कुठे जाऊ शकत नव्हत्या. या फरकाची जाण फॅनीबाईला होती. आपल्याच सरकारने या बाईला वाऱ्यावर सोडलं, हे ती आडपडदा न ठेवता लिहिते, म्हणून तिच्या हौशी मूर्तिखरेदीकडे मी थोडं दुर्लक्ष करते. पण पुस्तकावर 'यात्रेकरू' म्हणून शिक्का मारून घेतला तो तिने, हे मात्र मला राहून राहून खटकतं. तिला मूर्तींत श्रद्धा नव्हती, नवसही नव्हता. तिला देखावे हवे होते, आणि ते भरपूर मिळाले.

बायजाबाई पुढे प्रयागला आल्या, काशीला राहिल्या. काशीत ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा खांबांचा मंडप त्यांनीच, सत्तेवर असताना, बांधवून घेतला होता. आपण बांधलेल्या मंडपात आसऱ्याला आल्यासारखं फिरताना काय वाटलं असेल, कोण जाणे. कंपनीला त्या उत्तरेत नको होत्या. १८४० च्या सुमारास त्यांना दक्षिणेत, नाशिकला जाऊन राहावं लागलं.

नकाशा घेऊन त्यांचा प्रवास आखून बघा. आग्रा, फतेहगढ, प्रयाग, काशी, नाशिक. कुणीही म्हणेल, किती भाग्याची बाई, गंगा झाली, त्रिवेणी झाली, गोदाही झाली. नाशिकनंतर काही वर्षांनी त्यांना ग्वाल्हेरला परतता आलं, आणि १८६३ मध्ये त्या गेल्या.