अभिप्राय, कामाविषयीचा (जबलपूरच्या संदर्भात)

सहकाऱ्याने केलेल्या कामात काय चांगले झाले, काय उणे राहिले आणि पुढे काय बदलावे हे त्याला सुधारण्याच्या हेतूने सांगणे म्हणजे कामाविषयीचा अभिप्राय. ठपका, मेमो किंवा कानउघाडणी झालेल्या चुकीची नोंद करतात. अभिप्रायाचा रोख पुढच्या कामाकडे असतो. तो वरिष्ठाकडून कनिष्ठाला मिळतो, तसा बरोबरीच्या सहकाऱ्यांत आणि कनिष्ठाकडून वरिष्ठालाही दिला जातो. तोंडी अभिप्राय रोजच्या कामात चालतो. लेखी अभिप्रायाचे भारतीय सरकारी सेवेतील सर्वात परिचित रूप म्हणजे वार्षिक गोपनीय अहवाल, बोलीत ‘सी.आर.’.

जबलपूर : नर्मदेकाठचे हे शहर सरकारी नोकरदारांचे आहे. गन कॅरेज फॅक्टरी येथे 1904 मध्ये स्थापन झाली, खमरियाचा दारूगोळा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभा राहिला आणि व्हेइकल फॅक्टरी 1969 मध्ये. राज्य पुनर्रचनेनंतर 1956 पासून मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ येथे आहे. पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय 2003 पासून येथेच आहे. 1956 पर्यंत नागपूर ही राजधानी असलेल्या प्रांतात जबलपूरचा समावेश होता, त्यामुळे येथील मराठी वस्ती जुनी आहे. घरात मराठी आणि कामावर हिंदी बोलणाऱ्या या कुटुंबांतही ‘सी.आर. कसा गेला’ हा प्रश्न ओळखीचा. बढती त्यावर अवलंबून असे आणि त्यात काय लिहिले आहे ते मात्र ज्याच्याविषयी लिहिले त्यालाच ठाऊक नसे.

गोपनीयतेकडून पारदर्शकतेकडे : जुन्या पद्धतीत फक्त प्रतिकूल शेरा संबंधिताला कळवला जाई. न कळवलेल्या प्रतिकूल शेऱ्याच्या आधारे बढती नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने गुरदयाल सिंग फिज्जी खटल्यात 1979 मध्ये सांगितले होते. तरीही ‘चांगला’ यासारखी प्रतवारी प्रतिकूल मानली जात नव्हती, म्हणून ती कळवलीही जात नव्हती. देव दत्त खटल्यात हीच अडचण पुढे आली. सीमा सडक संघटनेतील या अभियंत्याला 1993-94 साठी ‘चांगला’ हा शेरा मिळाला होता. वरच्या पदासाठी सलग पाच वर्षे ‘फार चांगला’ हवा होता. शेरा न कळवल्यामुळे त्याविरुद्ध दाद मागण्याची संधीच त्यांना मिळाली नाही आणि बढती हुकली. 12 मे 2008 रोजी न्यायालयाने निर्णय दिला की अहवालातील प्रत्येक नोंद, बरी असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. सुखदेव सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने 2013 मध्ये ही भूमिका कायम केली.

देव दत्त निकालानंतर केंद्र सरकारने 14 मे 2009 च्या आदेशाने अहवालाचे नाव बदलून ‘वार्षिक कार्यमूल्यमापन अहवाल’ केले आणि पूर्ण अहवाल संबंधिताला दाखवणे बंधनकारक केले. नावातून ‘गोपनीय’ शब्द गेला, हा या सुधारणेचा गाभा.

अहवालाची रचना : अहवालाचे वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च असते. आधी कर्मचारी स्वतःच्या कामाचा गोषवारा लिहितो. मग प्रतिवेदन अधिकारी अभिप्राय नोंदवतो आणि पुनर्विलोकन अधिकारी तो तपासतो. ज्याने किमान तीन महिने काम पाहिले आहे त्यानेच अहवाल लिहावा, असा दंडक आहे. गुण 1 ते 10 मध्ये दिले जातात. 1-2 किंवा 9-10 असे टोकाचे गुण द्यायचे तर विशिष्ट उदाहरणांसह कारण लिहावे लागते. अहवाल मिळाल्यापासून 15 दिवसांत कर्मचारी लेखी निवेदन देऊ शकतो.

जबलपूरचे प्रकरण : मध्य प्रदेशातील परिवीक्षा काळातील सहा महिला दिवाणी न्यायाधीशांची सेवा 2023 मध्ये संपुष्टात आणली गेली. निर्णयाचा मुख्य आधार कामगिरीचे मूल्यमापन हाच होता. सर्वोच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. उच्च न्यायालयाने फेरविचार करून 2024 मध्ये चौघींना परत घेतले. उरलेल्या दोघींच्या सेवासमाप्तीचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने 28 फेब्रुवारी 2025 रोजी रद्द केले आणि त्यांना ज्येष्ठतेसह पुन्हा रुजू करून घेण्यास सांगितले. त्यांपैकी एकीच्या वाट्याला त्या काळात गर्भपात आणि कोविडचा आजार आला होता. निकाली काढलेल्या प्रकरणांची संख्या मोजताना ही परिस्थिती लक्षात घ्यायला हवी होती, असे न्यायालयाने नमूद केले. माणसाची परिस्थिती न पाहता केवळ आकड्यांवरून दिलेला अभिप्राय न्याय्य ठरत नाही, हा या प्रकरणाचा धडा आहे. न्यायदान करणाऱ्या संस्थेलाही तो लागू झाला, म्हणून त्याचे महत्त्व अधिक.

अभिप्राय देण्याची रीत : समजा, यंत्रशाळेत चार्जमन एका कामगाराला म्हणाला, ‘‘तुमचं कामात लक्षच नसतं.’’ या वाक्यात कामगाराला धरता येईल असे काहीच नाही, फक्त अपमान आहे. त्याऐवजी ‘‘काल दुपारच्या पाळीत बारापैकी तीन नगांचं भोक मापापेक्षा मोठं निघालं. ड्रिल झिजलं होतं का?’’ असे विचारले तर तारीख, संख्या आणि दोष समोर येतो, शिवाय कारण सांगायलाही जागा राहते. कदाचित नवे ड्रिल भांडारातून वेळेवर मिळालेच नसेल. मग दुरुस्ती भांडाराकडे करावी लागेल.

चूक शक्य तितक्या लवकर आणि एकांतात सांगावी. चांगले काम चारचौघांत सांगायला हरकत नाही. वयाने मोठ्या कामगाराला तरुण अभियंत्याने सूचना देताना आदरार्थी संबोधन सोडू नये, त्याने सूचनेची धार कमी होत नाही. बोलणे संपताना पुढे काय करायचे आणि पुन्हा कधी पाहायचे हे ठरलेले असावे.

अभिप्राय घेण्याची रीत : बोलणे पूर्ण ऐकावे, मध्येच सफाई देऊ नये. मोघम शेरा असेल तर उदाहरण मागावे. पटले त्याची कृती सांगावी, पटले नाही तर थोडा वेळ घेऊन पुराव्यानिशी उत्तर द्यावे. अहवालाविरुद्धच्या निवेदनातही तारखा, आकडे आणि कामाचे कागद उपयोगी पडतात, संताप पडत नाही.

खालून वर जाणारा अभिप्राय : 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने 100 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी कार्यसमितीची तरतूद केली. तीत कामगारांचे प्रतिनिधी मालकपक्षाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नसावेत, अशी अट होती. यंत्र रोज हाताळणाऱ्याला त्यातला दोष आधी कळतो, म्हणून वरिष्ठाने स्वतःच्या कामाविषयी विचारणे ही सौजन्याइतकीच कारखान्याची गरज आहे.

मूल्यमापन : लेखी अहवाल आता कर्मचाऱ्याला दिसतो, हे मोठे पाऊल आहे. पण तो हाती पडतो तेव्हा वर्ष संपलेले असते आणि ते सुधारता येत नाही. म्हणून 31 मार्चनंतर अहवालात लिहायची प्रत्येक उणीव त्या वर्षातच संबंधिताला समोर बसवून सांगितलेली असावी. जी सांगितली नाही, ती लिहू नये.