कांदळवन लागवडीआधी गावाचा खाडीनकाशा तयार करा

कोकणात खाडीकाठच्या भातशेतीला बांधाइतकाच आधार बांधाबाहेरील कांदळवनाचा असतो. त्याची मुळे लाटांचा जोर मोडतात आणि गाळ धरून ठेवतात. कोळंबी, खेकडे व माशांची पिल्लेही तेथेच वाढतात. मात्र, मोकळा चिखल दिसला की रोपे लावली, असे केल्यास बरीचशी रोपे मरतात. त्या जागी कांदळवन का नाही, हे आधी शोधावे.

नकाशा कसा करावा?
- जुने शेतकरी, मच्छीमार आणि खाडीत शिंपल्या वेचणाऱ्या महिलांना सोबत घ्यावे.
- गटनंबर असलेल्या गावनकाशावर कांदळवन, मोकळा चिखल, बांध, उघाड्या आणि खांडी दाखवाव्यात. जागेची नोंद मोबाईलच्या जीपीएसने घ्यावी.
- उधाणाच्या व भांगाच्या भरतीचे पाणी कुठपर्यंत येते, ते खुंट्या रोवून पाहावे.
- तिवर, चिप्पी, कांदळ कोठे वाढतात, ते लिहावे.
- झाडे नाहीशी झालेल्या जागी कारण नोंदवावे: भराव, तोड, चराई की अडलेले पाणी.

पुनरुज्जीवन
- भरतीचे पाणी अडले असल्यास वन विभागाच्या कांदळवन कक्षाच्या परवानगीने वाट मोकळी करावी. जवळ मोठी झाडे असल्यास बी पाण्यासोबत येऊन आपोआप रुजते.
- रोपे न आल्यासच लागवड करावी, तीही त्याच खाडीतील जातींची. कांदळाची झाडावरच अंकुरलेली लांब शेंग टोकाकडून चिखलात रोवावी.
- शिंपल्या मिळणाऱ्या व पक्षी उतरणाऱ्या खोलगट चिखलात लागवड करू नये.

शेतकऱ्यांनी हे लक्षात ठेवावे
मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार, जमीन कोणाच्याही मालकीची असली तरी कांदळवन तोडण्यास मनाई आहे. बांधाला खांड पडून खाचरात खारे पाणी येत राहिले, तर तेथे तिवर रुजते. त्यानंतर ती जमीन पुन्हा भाताखाली आणणे कठीण होते. म्हणून खांड दिसताच तारीख व छायाचित्रासह नकाशावर नोंदवावी आणि ग्रामपंचायतीमार्फत खारभूमी विभागाला लेखी कळवावे. अर्जाची पोच जपून ठेवावी. दरवर्षी पावसाळ्यानंतर नकाशा पुन्हा तपासावा.