सुप्याची खतं, इंदापूरचे रुमाल आणि जपानचे अभ्यासक



गेल्या उन्हाळ्यात इंदापूर तालुक्यात आमच्या एका गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, मागचं इतिवृत्त वाचून झालं. उठता उठता एक ताई म्हणाल्या, "सासूबाईंच्या ट्रंकेत फडक्यात बांधलेले जुने कागद निघालेत. मोडीत आहेत, घरात कुणालाच वाचता येत नाहीत. चुलीत घालू का रद्दीत देऊ?"

आम्ही म्हटलं, थांबा ताई. असले कागद वाचायला लोक जपानहून आपल्याकडं आलेत. बायका हसल्या. चेष्टा वाटली त्यांना. म्हणून आज ती गोष्ट सगळ्यांनाच सांगतो.

सुरुवात आपल्या सुप्यापासून करू. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होतं. १२ मे १८७५ ला तिथं बाजाराचा दिवस होता. कर्जानं गांजलेले शेतकरी सावकारांच्या दुकानांवर गेले आणि त्यांनी कर्जाची खतं मागितली. खतं हाती आली तशी जाळली. तिथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत गेलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. आता योगायोग बघा. त्याच १८७५ साली जपानच्या राजधानीत, टोकियोत, व्यापार शिकवायची एक लहानशी शाळा निघाली. पुढं तिचंच हितोत्सुबाशी विद्यापीठ झालं.

शाळा निघाली हिशेब आणि व्यापार शिकवायला. पण हिशेब नीट समजायचा तर कायदा कळावा लागतो, समाज कळावा लागतो, मागचा इतिहास कळावा लागतो. म्हणून तिथं व्यापाराबरोबर अर्थशास्त्र, कायदा आणि समाजशास्त्र यांचाही अभ्यास वाढला. तिथल्या अर्थसंशोधन संस्थेनं जपानच्या शेतीचे, मजुरीचे, किमतींचे जुने आकडे गोळा करून ग्रंथांची मोठी मालिकाच काढली. आपण गटाची वही दर महिन्याला लिहितो ना? त्यांनी अख्ख्या देशाची वही मागं जाऊन लिहून काढली.

त्याच विद्यापीठात हिरोशी फुकाझावा नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी आयुष्य वेचलं ते आपल्या दख्खनच्या इतिहासावर. पेशवाईतली जमीन, वेठबिगार, जाती, गावगाडा असे किती तरी विषय त्यांनी हाताळले. १९७२ साली त्यांचा बलुतेदारांवरचा लेख विद्यापीठाच्या नियतकालिकात आला. त्याआधी अभ्यासकांत एक समज होता. उत्तर प्रदेशातल्या एका गावाच्या अभ्यासावरून असं मानलं जाई, की सुतार, न्हावी, परीट हे ठरावीक घराण्यांचे बांधील असतात. फुकाझावांनी मराठी कागद पुढं ठेवून सांगितलं, की आपल्याकडं तसं नव्हतं. इथला बलुतेदार एका घरचा नसून सगळ्या गावाचा सेवक होता. त्याचं काम वतनाचं, आणि बलुतं सगळ्या गावाकडून मिळायचं. तुमच्या आज्ज्या खळ्यावरच्या बलुत्याच्या आठवणी सांगतात, त्या आठवणींना कागदाचा आधार असा मिळाला.

आणखी एक विषय त्यांनी सोडला नाही, आणि तो आपल्या काळजाला लागणारा आहे. पेशवाईतल्या कुणबिणी, म्हणजे गुलाम बायका. त्या विकल्या जात. सरकारी कोठ्यांत, किल्ल्यांवर राबत. काहींवर बदकर्माचा ठपका ठेवून सरकारनंच त्यांना गुलाम केलेलं असे. त्यांच्या सुखदुःखाचं कुणी काही लिहून ठेवलं नाही. त्या कागदावर आल्या त्या खर्चाच्या हिशेबात, दाण्यागोट्याच्या शेजारी. तरी त्या ओळी जपल्या गेल्या, म्हणून आज त्या बायका होत्या एवढं तरी आपण ठामपणे म्हणू शकतो.

फुकाझावांचे लेख 'द मेडिव्हल डेक्कन' या पुस्तकात १९९१ साली एकत्र आले. त्यांच्या वाटेनं पुढं हिरोयुकी कोतानींसारखे जपानी अभ्यासकही चालले. आणि मग एकजण थेट आपल्या इंदापुरात पोचले. मिचिहिरो ओगावा यांनी पुणे विद्यापीठात प्रबंध लिहिला, तो इंदापूर परगण्यावर, १७६१ ते १८२८ या काळावर. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे मोडी कागद कापडात बांधून ठेवलेत. त्या गाठोड्यांना रुमाल म्हणतात. असे हजारो रुमाल तिथं आहेत.

आता तुम्ही म्हणाल, इंदापूरच का? मैत्रिणींनो, आपला तालुका इतिहासात लहान नाही. भोसल्यांच्या जहागिरीत पुणे आणि सुप्याबरोबर इंदापूर होतं, मालोजीराजांची गढी आजही त्याची साक्ष देते. १८०२-०३ मध्ये होळकरांच्या फौजांची धामधूम आणि पाठोपाठ दुष्काळ आला, तेव्हा गावं ओस पडली. ओस जमीन पुन्हा लावायला तेव्हा इस्ताव्यानं कौल देत. पहिल्या वर्षी सारा थोडा, मग दरसाल वाढत वाढत पुरा. आपणही नवी शेळी घेणाऱ्या बाईला पहिले हप्ते लहान ठेवतो, तसंच.

मग इंग्रज आले. १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी जमीन मोजून, कस बघून, तीस वर्षांसाठी सारा बांधून दिला. मुंबई इलाख्यात गाजलेल्या या पद्धतीची सुरुवात इंदापुरातच झाली. सर्व्हे नंबर आपल्या बोलण्यात आला तो या मोजणीतून. तीस वर्षं सरली, १८६६-६७ च्या सुमारास सारा वाढवला, त्याच सुमारास कापसाचे चढलेले भाव उतरले. सारा रोख भरायचा, हातात पैसा नाही, मग सावकाराचं दार. तिथून सुप्याचा बाजार फार लांब नव्हता. पुढं १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जासाठी वेगळा कायदा झाला.

म्हणजे बघा, सुप्यात लोकांनी कागद जाळले, कारण तो कागद त्यांच्या गळ्याचा फास होता. त्यावर काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नव्हतं, अंगठा मात्र त्यांचा होता. आज आपल्याला वाचता येतं. म्हणून आपलं काम उलटं आहे. कागद जाळायचा नाही. वाचायचा, जपायचा, आणि त्यावर आपलं नाव आहे का ते बघायचं.

त्या ताईंना आम्ही सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. जुने कागद कोरड्या सुती फडक्यात ठेवा. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. उजेडात मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मूळ कागद पोच घेतल्याशिवाय कुणाच्या हाती देऊ नका. पुण्यात पुराभिलेखागार आहे, १९१० पासूनचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, तिथं मोडी जाणणारी माणसं भेटतात. मोडी शिकवायचे वर्गही भरतात. गटातल्या एखाद्या शिकलेल्या लेकीनं मोडी शिकली तर अख्ख्या गावाचं काम होईल.

ताईंचे कागद वाचून आणले. त्यात पांढरीवरच्या जागेचा एक वाद निघाला, चार पिढ्यांची नावं निघाली. सगळी पुरुषांची. ताई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आमच्यातली एकही बाई नाही का ह्यात?"

त्या दिवसापासून आम्ही एक नियम केला. गटाच्या इतिवृत्तात "अमक्याची बायको" असं लिहायचं नाही. प्रत्येकीचं पूर्ण नाव लिहायचं, कर्ज कशासाठी घेतलं ते लिहायचं, त्यातून काय उभं राहिलं तेही लिहायचं. आणि सातबाऱ्यावर नवऱ्याबरोबर आपलं नाव लावायला लक्ष्मी मुक्ती योजना आहे, तिची चौकशी तलाठी कार्यालयात करायची. त्या ताईंनी घरी विषय काढला. दोन महिने बोलणी झाली, पण अर्ज गेला.

दोनशे वर्षांनी कुणी अभ्यासक, जपानचा असो की आपल्याच गावची लेक असो, आपल्या गटाची वही उघडून बसेल. तिला त्यात आपण सापडलो पाहिजे. पुढच्या बैठकीला येताना आपापल्या ट्रंका एकदा उघडून बघा.

राम राम.