चावी नसलेलं विमान

१० ऑगस्ट २०१८. संध्याकाळचे साडेसात. अमेरिकेतल्या सिअॅटल-टॅकोमा विमानतळावरून होरायझन एअरचं ७६ आसनांचं क्यू-४०० विमान उडालं. ते दुपारी व्हिक्टोरियाहून येऊन थांबलं होतं, त्या दिवशी पुन्हा उडणार नव्हतं. आत एकच माणूस होता आणि तो वैमानिक नव्हता. सव्वा तासाने विमान केट्रॉन नावाच्या छोट्या बेटावर कोसळलं. तो माणूस गेला. जमिनीवर कुणालाही इजा झाली नाही.

बातम्यांत पहिला प्रश्न आला : एवढं मोठं विमान चोरीला जातंच कसं? सुरुवातीला त्याला ‘मेकॅनिक’ म्हटलं गेलं. मग दुरुस्ती आली : ग्राउंड सर्व्हिस एजंट. म्हणजे बॅगा चढवणारा-उतरवणारा, पंखांवरचा बर्फ काढणारा, ट्रॅक्टरने विमान ओढून जागेवर लावणारा. बाहेरच्याला हा फरक किरकोळ वाटेल, पण विमानतळावर नाही. मेकॅनिककडे परवाना असतो, त्याच्या सहीला वजन असतं. बॅगा उचलणाऱ्याची सही कुणी मागत नाही.

दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषदेत कंपनीच्या प्रमुखांना एक साधी गोष्ट समजावून सांगावी लागली. प्रवासी विमानाला गाडीसारखी चावी नसते. कुलूप विमानाला नसतं, ते विमानतळाच्या कुंपणाला असतं. पार्श्वभूमी तपासून ज्याला बिल्ला दिलाय, तोच आत येतो. या माणसाकडे तो बिल्ला होता, साडेतीन वर्षांची नोकरी होती. तो कुठूनही घुसला नव्हता. तो कामावर आला होता.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हे मला लगेच कळलं. कुठल्याही कंपनीत रात्रपाळीच्या एखाद्या इंजिनिअरकडे चालू डेटाबेस पुसून टाकता येईल एवढे अधिकार असतात. ते काढून घेतले तर रात्री दोन वाजता बिघडलेलं काही दुरुस्तच करता येणार नाही. तो डेटाबेस पुसत नाही, कारण त्याला पुसायचा नसतो. बस, एवढंच.

विमान वाहतुकीने हा धडा आधीही घेतला होता. ७ डिसेंबर १९८७ रोजी यूएसएअरमधून काढून टाकलेला एक कर्मचारी न परत घेतलेल्या ओळखपत्राच्या जोरावर पिस्तूल घेऊन पीएसएच्या विमानात चढला. विमानातले सगळे, ४३ जण, गेले. त्यानंतर नियम आले : नोकरी गेली की ओळखपत्र लगेच जमा, आणि कर्मचाऱ्यांचीही तपासणी. पण ज्याची नोकरी चालू आहे, ज्याचा बिल्ला खरा आहे, त्याचं काय? त्याच्यावर विश्वास ठेवण्याला पर्याय नसतो.

मग हा विश्वास आपण कितीला विकत घेतो? होरायझनची भगिनी कंपनी अलास्का एअरलाइन्स. २००५च्या मे महिन्यात तिने याच विमानतळावरच्या सुमारे ४७० बॅग-कामगारांना काढलं आणि काम कमी पगारात कंत्राटदाराला दिलं. त्याच डिसेंबरमध्ये एका कंत्राटी कामगाराच्या हातून यंत्राचा धक्का विमानाला लागला. त्याने तो तेव्हा कळवला नाही. विमान उडालं आणि सुमारे २६ हजार फुटांवर त्याच्या अंगाला भोक पडून आतला हवेचा दाब गेला. सुदैवाने ते सुखरूप परतलं. पुढे २०१३मध्ये विमानतळ ज्या गावात आहे, त्या सीटॅकच्या मतदारांनी तासाला १५ डॉलर किमान वेतनाचा ठराव अवघ्या ७७ मतांनी मंजूर केला. अलास्का त्याविरुद्ध कोर्टात गेली. विमानतळावरच्या कामगारांना तो लागू व्हायला २०१५ उजाडलं.

२०१८च्या त्या संध्याकाळी रेडिओवर बोलताना त्या माणसाने किमान वेतनाचा उल्लेख केला, अर्धवट थट्टेत. त्यावरून काहींनी त्याला बंडखोर नायक करून टाकलं, त्याच्या कसरतींचे व्हिडिओ फिरवले. मला ते पटत नाही. त्याच्याबरोबर काम केलेल्या एका निवृत्त पर्यवेक्षकाने तो शांत आणि सहकाऱ्यांना आवडणारा होता, असं सांगितलं. एफबीआयने नोव्हेंबरमध्ये तपास संपवला, तेव्हा दहशतवादाचा संबंध नाही आणि स्पष्ट हेतूही सापडला नाही, असं नोंदवलं. म्हणजे पगारामुळे हे घडलं, असं मीही म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की कुलपांची चर्चा महिनोन्‌महिने चालते आणि ज्यांच्या भरवशावर कुलपाविना काम चालतं, ती माणसं चर्चेत कधी येतच नाहीत.

त्या रेडिओ संभाषणात एक आवाज मात्र वेगळा आहे : कंट्रोलरचा. दोन एफ-१५ लढाऊ विमानं निघाली होती, बाकीची विमानं वाटेतून बाजूला काढायची होती. तरीही तो या माणसाला नावाने हाक मारत होता, जवळच्या लष्करी तळावर उतर म्हणून समजावत होता. मदतीला एका वैमानिकालाही त्याने बोलावलं होतं. ‘तू आत कसा आलास’ यावर त्याने वेळ घालवला नाही. तो त्याच्याशी एका सहकाऱ्याशी बोलावं तसं बोलत राहिला.