यादी एक, पाने हजार

हैदराबादच्या जुन्या मराठी घरांतली कागदपत्रांची पेटी उघडली, तर एकाच गावाचे तीन-तीन पत्ते सापडतात. पणजोबांच्या कागदावर 'जिल्हा नळदुर्ग', आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर 'जिल्हा उस्मानाबाद', आणि नातू संगणकावर अर्ज भरायला बसला की यादीत नाव दिसते 'धाराशिव'. गाव तेच, वेस तीच, विहीरही तीच. बदलली ती यादी. इंदूरचे निजामाबाद झाले, एलगंदलचे करीमनगर झाले, औरंगाबादचे २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. ही नावे का बदलली यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हाला येथे वेगळीच गोष्ट सांगायची आहे. नाव बदलले की ते जिथे जिथे लिहिलेले असते तिथे तिथे कोण बदलतो, कसे बदलतो, आणि एखाद्या ठिकाणी बदलायचे राहिले तर काय होते, याची. सरकारी नोकरीत आमचा अर्धा वेळ याच कामात जातो, म्हणून हा विषय आमच्या जिव्हाळ्याचा.

सालारजंगांनी १८६५ च्या सुमारास जिलाबंदी केली आणि निजामाच्या राज्यात आजच्या अर्थाने 'जिल्हा' आला. तेव्हापासून जिल्ह्यांची यादी ही प्रत्येक कचेरीची गरज झाली. महसूल, न्याय, टपाल, शाळा, सगळीकडे तीच यादी, पण प्रत्येक ठिकाणी वेगळी उतरवून घेतलेली. मूळ एक आणि नकला शेकडो.

या नकला ताज्या ठेवण्यासाठी आपल्या देशातील कार्यालयांनी एक उपाय काढला होता, तो म्हणजे करेक्शन स्लिप. नियमपुस्तकातले एखादे कलम बदलले की छापील चिठ्ठ्या निघत. त्यांवर अनुक्रमांक असे. प्रत्येक कार्यालयातल्या कारकुनाने ती चिठ्ठी कापून पुस्तकाच्या योग्य पानावर डिंकाने चिकटवायची आणि पुढच्या कोऱ्या पानावर 'अमुक क्रमांकाची स्लिप लावली' अशी नोंद करायची. उपाय चांगला होता, पण तो कारकुनाच्या डिंकावर अवलंबून होता. कोणी रजेवर असे, कुठे पाकीट पोचत नसे, कुठे चिठ्ठ्या पुस्तकात नुसत्या घालून ठेवलेल्या असत आणि पंख्याच्या वाऱ्याने उडून जात. मग एकाच खात्याच्या दोन कार्यालयांत दोन नियम चालत, आणि दोघेही पुस्तकावर बोट ठेवून आपलेच खरे म्हणत. जुन्या पुस्तकांची अशा चिठ्ठ्यांनी फुगलेली पाने आम्ही पाहिली आहेत. मूळ पुस्तकापेक्षा चिठ्ठ्यांचेच वजन अधिक.

या पद्धतीवर मोठा ताण पडला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. गुलबर्गा, बिदर, रायचूर म्हैसूरकडे गेले. तेलंगणाचे जिल्हे आंध्र प्रदेशात आले. आदिलाबादेतले किनवट, राजुरा हे भागही त्या वेळी पलीकडे गेले. आपल्यापैकी अनेक कुटुंबे मात्र इथेच राहिली, कारण नोकरी इथे, घर इथे, मुलांची शाळा इथे. त्या दिवशी आपल्या मूळ गावांची नावे हैदराबादच्या सरकारी यादीतून गेली. यादीतून नाव जाणे आणि दप्तर जाणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी. निजामकाळातले बरेचसे दप्तर तारनाक्याच्या पुराभिलेखागारातच राहिले. म्हणूनच कुणबी नोंदींच्या शोधासाठी महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीला हैदराबादच्या दप्तराकडे वळावे लागले. कागद इथे आहे, पण इथल्या आजच्या यादीत त्या जिल्ह्याचे नाव नाही.

पुढे रंगारेड्डी जिल्हा १९७८ मध्ये झाला. १९८५ मध्ये एन. टी. रामाराव यांच्या सरकारने तालुके मोडून मंडले केली. एका झटक्यात हजाराहून अधिक नावांची नवी यादी आली. तरी हे सारे कागदावरचे होते. कागदाला एक सवलत असते. जुना कागद जुना दिसतो, पिवळा पडतो, त्यावर तारीख असते. संगणकाच्या पडद्यावरचे जुने पान नव्याइतकेच कोरे करकरीत दिसते, आणि घोटाळा तेथून वाढला.

आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. १९९८ मध्ये माधापूरला सायबर टॉवर्स उभे राहिले आणि हैदराबादेत जो तो संगणकाविषयी बोलू लागला. सरकारी खात्यांच्या वेबसाइट त्याच सुमारास येऊ लागल्या. तेव्हाची वेबसाइट म्हणजे सुट्या फायलींचा गठ्ठा. प्रत्येक पान वेगळी फाइल, आणि डावीकडची किंवा वरची मेनूची पट्टी (मुखपृष्ठ, खात्याविषयी, जिल्हे, अर्ज, संपर्क) प्रत्येक फाइलमध्ये पुन्हा लिहिलेली. दोनशे पाने असली तर मेनू दोनशे वेळा. त्यात एक ओळ वाढवायची म्हणजे दोनशे फायली उघडायच्या. करेक्शन स्लिपच ही, फक्त डिंकाऐवजी माऊस. भारतीय भाषांची तर आणखी तऱ्हा. युनिकोड रुळण्याआधी समोरच्याच्या संगणकात आपला फॉन्ट असेलच याची खात्री नसे, म्हणून मेनूतला एकेक शब्द चित्र करून लावत. एक काना चुकला तरी चित्र पुन्हा काढा.

यावर पहिली युक्ती निघाली ती फ्रेमची. १९९६ च्या नेटस्केप ब्राउझरपासून तिचा प्रसार झाला. पडद्याचे दोन भाग करायचे, डावीकडे मेनूचे एकच पान कायम, उजवीकडे मजकूर बदलता. मेनू एकदाच लिहायचा. लोक खूश झाले. पण आपल्याकडच्या पोथी लिहिणाऱ्याने ही चूक केली नसती असे आम्हाला वाटते. पोथीची पाने सुटी असतात, म्हणून तो प्रत्येक पानाच्या समासात ग्रंथाचे नाव थोडक्यात आणि पानाचा आकडा लिहीत असे. पान वाऱ्याने उडाले तरी ते कोणत्या पोथीचे, कितवे, हे कळे. फ्रेमने नेमकी समासातली खूण काढून घेतली. कोणी शोध घेत थेट उजवीकडच्या पानावर आला, तर त्याला अर्ज दिसे, पण खाते कोणते, परत जायचे कुठून, काहीच दिसत नसे. छापायला गेले तर कधी कधी नुसता मेनूच छापून येई. पुढे एचटीएमएलच्या पाचव्या आवृत्तीतून फ्रेम वगळण्यात आली, ते योग्यच झाले.

खरा तोडगा होता 'इन्क्लूड'. पानात मेनू लिहायचाच नाही, त्या जागी 'मेनूची फाइल येथे आणा' एवढी एक ओळ लिहायची. कोणी पान मागितले की सर्व्हर ती फाइल आणून त्या जागी बसवतो आणि वाचणाऱ्याला पूर्ण पान मिळते. मेनू एका जागी, पण खूण प्रत्येक पानावर. सर्व्हरमध्ये ही सोय नव्वदच्या दशकातच होती. रासमुस लेर्डॉर्फ यांनी १९९५ मध्ये जगापुढे आणलेली पीएचपी ही भाषा लोकप्रिय झाली, तिचे एक कारण हेच. पुढे २००१ मध्ये ड्रुपल आणि २००३ मध्ये वर्डप्रेस आले आणि मेनू फाइलमधून निघून डेटाबेसमध्ये गेला.

मराठी माणसाने ही कल्पना सर्वांत मोठ्या प्रमाणावर वापरली ती मराठी विकिपीडियावर. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या या ज्ञानकोशात 'साचा' नावाचा प्रकार आहे. महाराष्ट्रातील जिल्ह्यांची पट्टी प्रत्येक जिल्ह्याच्या लेखाखाली दिसते, पण ती लिहिलेली असते एकदाच, साच्यात. साचा बदलला की तो वापरणारी सारी पाने पाठोपाठ नवी होतात. पाने फार असली तर हे काम रांगेने होते, म्हणून काही काळ एका पानावर नवे नाव, दुसऱ्यावर जुने असे दिसू शकते. शब्दही किती नेमका सापडला आहे! साच्याचा गुण आणि धोका दोन्ही गणपतीच्या दिवसांत आपल्याला वेगळे सांगायला नकोत. धूलपेटला साच्यातून मूर्ती निघतात, त्या साच्यातच सोंड वाकडी असेल तर सगळ्याच मूर्तींची सोंड वाकडी. म्हणूनच फार ठिकाणी वापरलेले साचे विकिपीडियावर कुलूपबंद ठेवतात आणि ठरावीक जाणत्यांनाच ते बदलता येतात. करेक्शन स्लिपच्या काळात एका कारकुनाची चूक एका कार्यालयापुरती राही. आता चूक एका क्षणात सगळीकडे पोचते. यादी एका जागी आणली, की त्या जागेला जबाबदार माणूस लागतो. भारत सरकारच्या वेबसाइटविषयक मार्गदर्शक सूचना २००९ मध्ये आल्या. त्यांत प्रत्येक खात्याने वेबसाइटच्या मजकुरासाठी एक अधिकारी नेमावा असे आहे. आमच्या मते त्या सूचनांतले हे सर्वांत उपयोगी वाक्य. आणि मेनू सर्व पानांवर सारख्याच क्रमाने असावा हे जे सांगितले जाते, ते शोभेसाठी नाही. ज्यांना दिसत नाही ते पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीने पान ऐकतात. 'चौथी ओळ म्हणजे अर्ज' हे त्यांनी कानाने लक्षात ठेवलेले असते. एका पानावर क्रम बदलला की ते चुकलेच.

या साऱ्याची परीक्षा आपल्या हैदराबादेत झाली. २ जून २०१४ रोजी तेलंगणा राज्य झाले, दहा जिल्ह्यांचे. हैदराबाद दहा वर्षांपर्यंत दोन्ही राज्यांची राजधानी, म्हणजे एकाच शहरात एकाच खात्याची दोन कार्यालये, आणि पुष्कळदा एकाच वेबसाइटच्या दोन प्रती. मुखपृष्ठाचे नाव बदलले की काम झाले असे वरिष्ठांना वाटे. आतल्या पानांवरच्या पट्टीत तेवीस जिल्हे तसेच असत. एका खात्याच्या पानांवर आम्ही स्वतः पाहिले आहे, वर नव्या राज्याचे नाव आणि खाली श्रीकाकुळम, विजयनगरम. वारंगळचा एखादा शेतकरी त्या पानावरून जुन्या राज्याच्या अर्जापर्यंत पोचला आणि अर्ज परत आला, तर दोष त्याचा कसा म्हणायचा?

मग ११ ऑक्टोबर २०१६, दसऱ्याचा दिवस. दहाचे एकतीस जिल्हे झाले. १७ फेब्रुवारी २०१९ रोजी मुलुगू आणि नारायणपेठ आले, एकूण तेहतीस. नारायणपेठेचे नाव आपल्या घरात कोणाला सांगायला नको, कपाटात एक तरी नारायणपेठी साडी असतेच. पण त्या नावाने यादीत शिरताना गंमत केली. इंग्रजी वर्णक्रमात ते नलगोंडा आणि निर्मल यांच्यामध्ये येते, म्हणजे निर्मलपासून पुढचे सगळे जिल्हे खाली सरकले. ज्यांनी अर्जात जिल्ह्याचे नाव न ठेवता 'यादीतला कितवा' एवढेच साठवले, त्यांच्याकडे एका रात्रीत माणसांचे जिल्हे बदलले. ही चूक टाळायची सोय देशात आहे. पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक जिल्ह्याला स्वतःचा क्रमांक असतो. यादीतली जागा बदलली तरी तो क्रमांक बदलत नाही. यादी तिथून घ्यावी, आपण आपली टंकलिखित करू नये.

२०२१ चा बदल आम्हाला सर्वांत शिकवणारा वाटतो, कारण त्यात संख्या बदललीच नाही. वारंगळ शहर जिल्ह्याचे हनमकोंडा झाले आणि वारंगळ ग्रामीणचे नुसते वारंगळ. आधीही तेहतीस, नंतरही तेहतीस. मोजणी करणाऱ्याला वाटावे काही झालेच नाही. प्रत्यक्षात यादीच्या तळाचे एक नाव थेट तिसऱ्या जागी गेले. आणि 'वारंगळ' या शब्दाचा अर्थ बदलला. २०१६ पूर्वीचे वारंगळ म्हणजे मोठा जुना जिल्हा, २०२१ नंतरचे वारंगळ म्हणजे त्याचा एक भाग. जुन्या दाखल्यावरचे वारंगळ पाहून नव्या मेनूतले वारंगळ निवडणारा माणूस चुकू शकतो, नाव अगदी बरोबर असूनही.

आता बहुतेक जिल्ह्यांच्या वेबसाइट राष्ट्रीय सूचना केंद्राच्या एकाच सामायिक चौकटीवर आल्या आहेत, त्यामुळे मेनूचा जुना त्रास पुष्कळ कमी झाला. राहिले आहे ते दुसरे अर्धे काम. मेनूतली ओळ काढली की तिच्या मागचा पत्ता मरतो. जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला 'पान सापडले नाही' एवढेच उत्तर मिळते. वास्तविक सर्व्हरला 'हा पत्ता आता तिकडे गेला' असे कायमचे सांगून ठेवता येते, त्याला एक ओळ पुरते. विकिपीडियावर औरंगाबाद शोधणाऱ्याला नव्या नावापर्यंत नेण्याची अशीच सोय आहे, तिला तिथे पुनर्निर्देशन म्हणतात. टपाल खाते घर बदलणाऱ्याची पत्रे नव्या पत्त्यावर पाठवते तसेच हे.

आमच्या टेबलावर अजूनही असे लोक येतात. एकाच्या हातात वडिलांचा दाखला असतो, 'जिल्हा परभणी, हैदराबाद राज्य', आणि पडद्यावरच्या तेहतीस नावांत परभणी नसते. आम्ही त्यांना तारनाक्याचा रस्ता सांगतो आणि परभणीच्या जिल्हाधिकारी कार्यालयाचा पत्ता लिहून देतो. १९५६ पूर्वीच्या सोळा-सतरा जिल्ह्यांची नावे, प्रत्येकासमोर 'आता येथे चौकशी करा', एवढे एक छोटेसे पान आणि मेनूत त्याची एक ओळ असती, तर त्यांना तेवढ्यासाठी दोन बस बदलून यावे लागले नसते. तसा प्रस्ताव आम्ही टिपणीवर ठेवला आहे. फाइल सध्या वर आहे.